भाचीने खरवडलेला तुकडा

छत्तीस वर्षं मी लोखंड खरवडलं. आमच्या कारखान्यात लेथ यंत्रं बनायची. त्यांचे लोखंडी बेड, म्हणजे ज्यांवर बाकीचे भाग सरकतात ते पाट, यंत्रावर कितीही सफाईने कापून आले, तरी पुरते सपाट नसायचे. शेवटचा हात माणसाचाच लागायचा. सपाट असल्याची खात्री असलेल्या एका प्लेटवर निळा रंग पातळ पसरायचा, ती कामावर फिरवायची, आणि जिथे निळा ठिपका उठला तो उंचवटा समजून स्क्रेपरने खरवडायचा. मग पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. एका चौरस इंचात अठरा-वीस ठिपके आले की काम झालं. त्याला कधी दिवस लागतो, कधी आठवडा. हे काम घाईने होत नाही आणि बोलण्यानेही होत नाही.

एवढं सांगितलं ते माझ्यासाठी नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीबद्दल लिहायचं आहे, आणि हे काम काय असतं ते कळल्याशिवाय ती मुलगी कळणार नाही.

बहीण आणि मी एकाच इमारतीत राहतो. ती तळमजल्यावर, मी वरच्या मजल्यावर. भाची नऊ वर्षांची असताना तिने माझ्या पेटीतला काटकोन तपासायचा गुण्या उचलला आणि इमारतीतल्या बावीस दारांच्या चौकटी तपासल्या. कागदावर टिपून घेतल्या. बावीसपैकी चार दारं काटकोनात निघाली. बाकीच्यांच्या घरी जाऊन तिने तसं सांगितलंही. शेजारच्या शिंपीकाकांना म्हणाली, "काका, तुमचं दार तीन मिलिमीटर कललंय."

"अगं, मी तरी कुठे सरळ आहे!" काका म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं. तेव्हापासून तिला सगळे काटकोन म्हणतात. तिची आईसुद्धा रागावली की म्हणते, "काटकोन, जेवायला बस."

बाराव्या वर्षी ती माझ्या खोलीतल्या कामाच्या बाकाशी येऊन उभी राहिली. मी तिला एक कानस आणि एक ओबडधोबड तुकडा दिला. हा सपाट कर म्हणालो, आणि वाटलं, आठवड्यात कंटाळेल. तिने तीन महिने घासला. चौदाव्या वर्षी हातात स्क्रेपर दिला. सोळाव्या वर्षी तिने पहिली प्लेट पूर्ण केली. मी मोजले, चौरस इंचात बारा ठिपके. नापास केली. ती रडली नाही. "कुठे चुकलं?" एवढंच विचारलं. मी दाखवलं. मग ती खाली जाऊन जेवली.

पुढे ती अभियांत्रिकीला गेली. मोजमापाची उपकरणं हा विषय घेतला. वर्गात चाळीस मुलं, हा विषय घेणारी ती एकटी.

तिच्या कॉलेजचा परदेशातल्या अकरा कॉलेजांशी करार होता. शेवटचं वर्ष तिकडे काढायचं. चांगले गुण असलेल्या मुलांना निवड करता यायची. भाचीचा क्रमांक पहिला होता, म्हणजे अकराही दारं उघडी. इथून पंचाईत सुरू झाली.

तिच्या मैत्रिणींनी दोन दिवसांत निवडलं. एकीने इमारतीचा फोटो पाहून, एकीने हवा पाहून, आणि तिघींनी चौथी कुठे जाते ते पाहून. त्या सगळ्या एकाच मोठ्या कॉलेजला निघाल्या. त्याचं नाव कुणालाही ठाऊक असतं. सरांनीही भाचीला तेच सांगितलं.

मीही तिला एक सुचवलं होतं. नदीकाठचं एक कॉलेज होतं, त्यांच्या माहितीपत्रकात वर्कशॉपचा फोटो होता. मी भिंग घेऊन बघितला. बाकावरच्या, काम आवळून धरायच्या व्हाइसचे जबडे झिजलेले, बाकाची कड हातांनी गुळगुळीत झालेली. मी म्हणालो, "इथे काम होतं. इथेच जा."

 तिने अकराही कॉलेजांना पत्रं लिहिली. ऑफिसला नाही, वर्कशॉपला. तो माझा गुण तिने उचलला आहे. नोकरी मागायला गेलो की मी साहेबाच्या आधी हत्यारांच्या खोलीत जायचो. हत्यारं कशी ठेवली आहेत आणि ठेवणारा कसा बोलतो, यावरून कारखाना कळतो. ही गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली असेन. तिने पत्रात एकच प्रश्न विचारला होता. तुमच्याकडची प्लेट शेवटची कधी खरवडली, आणि कुणी?

सात कॉलेजांकडून रंगीत माहितीपत्रकं आली. दोन कॉलेजांनी उत्तरच दिलं नाही. मोठ्या कॉलेजने नीट उत्तर दिलं. आमची प्लेट दगडाची आहे, बाहेरची कंपनी वर्षातून एकदा तपासते, विद्यार्थ्यांना हात लावायची परवानगी नाही. हे त्या सातांतलंच एक. दहावं कॉलेज माझं नदीकाठचं. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं की फोटोतलं वर्कशॉप अकरा वर्षांपूर्वी बंद झालं. आता तिथे दोरी बांधून ते लोकांना बघायला ठेवलं आहे. 'मी पूर्वी तिथे फिटर होते, आता तिकिटं देते,' असंही त्यांनी लिहिलं होतं.

भाचीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

"भिंग नीट पुसलं होतं ना, मामा?"

मी भिंग पेटीत ठेवून दिलं.

अकराव्या कॉलेजचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. ज्या गावाहून आलं त्याचं नाव आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. वर्कशॉपच्या मिस्त्रीने स्वतः लिहिलं होतं. सोबत प्लेटचा फोटो, निळे ठिपके लागलेला. पत्र असं होतं: 'गेल्या मंगळवारी. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी. वाईट केली. शुक्रवारी त्यांच्याकडूनच पुन्हा करून घेतली. तू स्वतः किती केल्यास?'

भाचीने उलट टपाली कळवलं, 'एक. मामांनी पास केली नाही.'

त्यावर त्याचं दुसरं पत्र आलं. 'जागा एक आहे. मागणारे तिघं आहेत. नुसत्या गुणांवर मी जागा देत नाही. तळहाताएवढा तुकडा खरवडून पाठव. चौदा तारखेला माझ्या हातात पाहिजे. काम तुझं एकटीचं हवं.'

त्या संध्याकाळी बहिणीच्या घरी सगळे बसलो. भावोजी टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करतात. त्यांनी पत्र वाचलं, पाकीट उलटंसुलटं केलं.

"सव्वीस वर्षं टपाल बघतोय मी. या गावाचं एक पाकीट माझ्या हाताखालून गेलेलं नाही. जिथे कुणी कुणाला पत्र लिहीत नाही, तिथे जाऊन तू काय शिकणार?"

"कामात असतील हो, बाबा. लिहायला वेळ होत नसेल."

"थट्टा नको. मोठ्या कॉलेजची जागा हातात आहे. सर तेच म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोघांचं जुळतंय, तर काहीतरी तथ्य असेलच ना?"

"मामांनी मला पहिल्या वर्षी काय शिकवलं, सांगू? दोन प्लेट एकमेकींवर घासून जुळवल्या की एक पोट बाहेर काढते, दुसरी आत घेते. जुळतात अगदी झकास. सपाट एकही नसते. तिसरी आणून लावली की कळतं."

"म्हणजे मी आणि तुझे सर वाकडे?"

"वाकडे नाही, बाबा. जुळलेले."

बहीण हसायला लागली. मग भावोजींना आणि मला म्हणाली, "तुम्ही दोघं तिला ठरवू द्याल, की तुम्हीच जाणार आहात शिकायला?"

भावोजींनी पाकीट टेबलावर ठेवलं. "ठरव. पण लक्षात ठेव, मोठ्या कॉलेजला दहा तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. या मिस्त्रीचं उत्तर त्यानंतर येणार. हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागतेयस."

हे खरं होतं. दहाला 'नाही' म्हटलं आणि चौदाला मिस्त्रीने 'नाही' म्हटलं, तर वर्ष गेलं.

ती म्हणाली, "आधी तुकडा तर करते."

भावोजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आठ तारखेला, बुधवारी, दुपारी दोनच्या आत काउंटरवर आण. म्हणजे त्याच दिवशीच्या विमानाच्या पिशवीत जाईल. दोन वाजून पाच मिनिटांनी आलीस, तर मी तुझा बाप नाही. टपालखातं आहे."

म्हणजे सहा दिवस. त्यातही कॉलेज होतंच. ती सकाळी साडेपाचला माझ्याकडे यायची, साडेआठला कॉलेजला जायची, चारला परत यायची आणि जेवणापर्यंत खरवडायची. शनिवार-रविवार पूर्ण दिवस. तुकडा सहा इंच बाय चार इंच, बिडाचा. मी तिला बाक दिला, प्लेट दिली, रंग दिला. बोलायचं नाही असं ठरवलं होतं. चहा मात्र करत होतो.

तिचं काम मी पहिल्यांदाच एवढं सलग बघितलं. ती दर फेरीला तुकडा स्पिरिटने पुसायची, बोटाने रंग पसरायची, तुकडा प्लेटवर तीनदाच फिरवायची, चौथ्यांदा नाही. मग खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरायची. कुठे काय करायचं ते ठरवूनच स्क्रेपर लावायची. एकही हात वाया नाही. आमच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या काहींना हे जमत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बारा ठिपके होते. रविवारी सोळा. सोमवारी तिला सुट्टी होती. दुपारी तीनला मी मोजले तेव्हा अठरा, सगळीकडे सारखे. फक्त एका कोपऱ्यात तीन ठिपके एकमेकांना चिकटून एकच डाग झाला होता. तो फोडायचा राहिला होता.

ती हात धुवायला खाली गेली.

मी बाकाशी उभा होतो. डाग दिसत होता. स्क्रेपर तिथेच पडला होता. मी तो कधी उचलला ते मला सांगता येणार नाही. छत्तीस वर्षं डाग दिसला की हात पुढे गेला आहे. दहा हात मारले. जोर माझा, तिचा नाही, त्यामुळे जरा खोल गेले. स्क्रेपर होता तिथे ठेवला आणि खुर्चीवर येऊन बसलो.

ती आली. तुकडा पुसला, रंग लावला, फिरवला, खिडकीशी नेला. बराच वेळ बघत राहिली.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"मामा, मला मामा बनवू नका."

तिने तुकडा माझ्यापुढे धरला.

"माझ्या स्क्रेपरचे ठसे सगळे उजवीकडे झुकतात. हे दहा डावीकडे झुकलेत. या घरात डावखुरे तुम्हीच."

"दहा हात तर आहेत," मी म्हणालो. आयुष्यात मी कुणाचं असं बोलणं ऐकून घेतलं नाही, आणि त्या दिवशी स्वतःच बोललो. "तिकडे कुणाला कळणार?"

"त्या मिस्त्रीला कळेल. आणि त्यालाही कळलं नाही, तर त्याच्याकडे जायचं कशाला?"

मी स्क्रेपर तिच्याकडे सरकवला. 

तिने तुकडा परत व्हाइसमध्ये धरला. कोपऱ्यातले माझे ठसे नुसते पुसून भागत नव्हतं. मी खोल गेलो होतो, म्हणजे कोपरा खाली गेला होता, म्हणजे बाकीचं सगळं त्याच्या पातळीला आणायला हवं. अठरा ठिपक्यांचं काम तिने मोडलं. नव्याने, आडव्या बाजूने, पहिल्यापासून.  माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "मी खाली जाऊन बसू का?" ती म्हणाली, "बसा इथेच. पण हात मांडीखाली ठेवा."

मी ठेवले. साठी उलटलेला माणूस, स्वतःच्या खोलीत, मांडीखाली हात घेऊन बसला होता. बहीण चहा घेऊन वर आली, तिने मला तसं पाहिलं, आणि कप माझ्यापुढे ठेवण्याऐवजी भाचीलाच विचारलं, "याला पाजायचा का चहा?"

मंगळवारी ती कॉलेजला गेली नाही. बुधवारी दुपारी एकपर्यंत काम केलं. सगळीकडे पुन्हा अठरा आणले. त्या कोपऱ्यात अकरा. बाकीचं अजून पुरतं कोपऱ्याच्या पातळीला उतरलं नव्हतं. त्यासाठी आणखी एक दिवस लागला असता, आणि तो दिवस मी खाल्ला होता.

तिने तुकड्याला तेल लावलं, कागदात गुंडाळला, लाकडी खोक्यात बसवला. मग पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून थांबली.

"मामा, कोपऱ्याबद्दल लिहिते. तुमच्याबद्दल लिहू का?"

"काय लिहिणार?"

"झालं ते."

"लिही," मी म्हणालो.

तिने लिहिलं. 'कोपरा खाली आहे हे मला माहीत आहे. तिथे दहा हात माझ्या डावखुऱ्या मामांचे लागले होते, ते मी काढून टाकले, पण खोली राहिली. बाकी सगळं माझं आहे.' पत्रात गयावया नव्हती आणि माझ्यावर रागही नव्हता. दोन वाजायला वीस मिनिटं असताना ती काउंटरवर पोचली. खोकं भावोजींनी स्वतः घेतलं. बहीण सांगते की त्यांनी ते पिशवीत टाकलं नाही. ठेवलं.

दहा तारखेला कॉलेजमध्ये पालकाची सही हवी होती. भावोजी कामावर होते, म्हणून मी गेलो. सरांनी मोठ्या कॉलेजचा कागद पुढे सरकवला.

"तुम्ही हिचे कोण?"

"मामा."

"मग जरा समजावा हिला. वर्गातल्या कुणालाही ही जागा दिली तर आनंदाने उडी मारेल."

"मी हिच्या कामात हात घातला की दोन दिवस वाया जातात, सर. परवाच गेले."

सर भाचीकडे वळले. "आणि तिकडून नकार आला तर?"

"पुढच्या वर्षी दुसरा तुकडा पाठवीन, सर. तोवर कोपरे जमतील."

तिने 'नाही'च्या चौकोनात खूण केली.  मी सही केली. माझ्या सहीचा मात्र शेवट नीट आला नाही.

दहा दिवस मी रोज दोनदा खाली जाऊन येत होतो. बहीण म्हणायची, "जिना झिजेल." भाची कॉलेजला जात होती, अभ्यास करत होती. संध्याकाळी माझ्या बाकावर नवा तुकडा धरून कोपऱ्यांचाच सराव करत होती. ती वाट बघत नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण वाट बघताना हात चालू होते.

वीस तारखेला उत्तर आलं. तिने ते आधी स्वतः वाचलं, मग भावोजींना दिलं. "मोठ्याने वाचा, बाबा."

भावोजींनी चष्मा लावला. "'तुकडा मिळाला. बाकीच्या दोघांचे तुकडे तुझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांतल्या एकावर दोन माणसांच्या हातांचे ठसे आहेत, पत्रात एकाच नावाची सही आहे. दुसऱ्याने यंत्रावर घासून वर नक्षी काढली आहे. तू कोपऱ्याबद्दल लिहिलं नसतंस तरी तो मला दिसलाच असता, आणि मी तुकडा परत पाठवला असता. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला ये. स्वतःचा स्क्रेपर आण, इथे कुणाचा कुणी वापरत नाही. मामांना सांग, आमच्याकडेही एक डावखुरा आहे. त्याला मी हात खिशात ठेवायला सांगतो.'"

बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि हसत माझ्याकडे बोट दाखवलं. भावोजींनी गावाचं नाव पाकिटावरून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. भाची म्हणाली, "मामा, जुनी कानस आहे का एखादी? चौदा इंची?"

कारखान्यातून आणलेल्या माझ्या पेटीत दोन होत्या. बरी होती ती दिली. स्क्रेपर करायला जुन्या कानशीसारखं दुसरं पोलाद नाही. मी माझाच स्क्रेपर देऊ केला होता, तीस वर्षांचा, मुठीला माझ्या हाताचा खळगा पडलेला. तिने हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "चांगला आहे. पण तुमच्या हाताचा आहे."

तिने कानशीचे दाते चाकावर उतरवले, पातं घडवलं, धारेला किंचित गोलाई दिली. पोलाद तापू नये म्हणून मी चाकावर पाणी धरत होतो. मूठ तिने शिंपीकाकांच्या दारातून निघालेल्या जुन्या लाकडाची केली, कारण ते वाळलेलं होतं. दोन दिवस लागले. माझ्या वेळी मला तीन लागले होते.

शेवटी दगडावर धार लावून झाली. मी हात पुढे केला, सवयीने, बघायला. तिने स्क्रेपर माझ्याकडे दिला नाही. स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर टेकवून धार बघितली, एकदा फिरवली, पुन्हा बघितली. मग तेलाच्या फडक्यात गुंडाळून बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि कुलूप लावलं.